फ्रिडरिक लोफ्लर आणि रीम्सचं बेट

मंडळाच्या या अंकासाठी प्रत्येकाने एकेका व्यक्तीचं चरित्र लिहायचं असं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी कवी, नाटककार, समाजसुधारक अशी नावं घेतली. मी एका जर्मन जंतुशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं आणि मैत्रिणी हसायला लागल्या. साहित्याची विद्यार्थिनी आणि गुरांच्या रोगांची प्रयोगशाळा, यांचा संबंध काय? संबंध आहे. तो आमच्या आजोळच्या गोठ्यातून येतो.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात. मी लहान असताना एकदा शेजारच्या वाडीत लाळ्या-खुरकूत आल्याची बातमी आली. आज्जीने त्याच संध्याकाळी गोठ्याच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलेलं गोणपाट टाकलं. दूध न्यायला येणारा माणूस अंगणाबाहेरच थांबू लागला. आजोबा बाजारातून आले की आधी पाय धुवायचे, कपडे बदलायचे, मगच म्हशीजवळ जायचे. आम्हा पोरांना त्या वाडीत खेळायला जायची सक्त बंदी. मी विचारलं, आम्हाला तर हा रोग होत नाही ना, मग आम्ही का नाही जायचं? आज्जीचं उत्तर एवढंच होतं, की आपल्याला झाला नाही तरी आपण तो पायाला लावून घरी आणतो.

पुढे कॉलेजात आल्यावर लायब्ररीत फ्रिडरिक लोफ्लर यांच्याविषयी वाचायला मिळालं. लाळ्या-खुरकूत कशामुळे होतो हे जगाला पहिल्यांदा सांगणारे ते हेच. पण मला त्यांच्या शोधापेक्षा त्यानंतरची दहा-बारा वर्षं जास्त महत्त्वाची वाटली. आज्जीला जे आपोआप माहीत होतं, ते या मोठ्या शास्त्रज्ञाला फार महागात शिकावं लागलं. आणि शिकल्यावर त्यांनी जे केलं, त्यावर आज जगभरातल्या अशा प्रयोगशाळा उभ्या आहेत.

लोफ्लर यांचा जन्म 24 जून 1852 रोजी प्रशियातल्या फ्रँकफुर्ट या गावी झाला. हे फ्रँकफुर्ट म्हणजे सगळ्यांना माहीत असलेलं बँकांचं शहर नव्हे. हे ओडर नदीकाठचं, पूर्वेकडचं. वडील लष्करात मोठे डॉक्टर होते. मुलानेही तीच वाट धरली. आधी वुर्झबुर्ग आणि मग बर्लिनमध्ये त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं. मधेच 1870 चं फ्रान्सबरोबरचं युद्ध आलं, तेव्हा विद्यार्थी असतानाच त्यांनी लष्करी इस्पितळात काम केलं. 1874 मध्ये ते डॉक्टर झाले आणि काही वर्षं सैन्यात नोकरी केली. म्हणजे मूळ घडण शिपायाची. हुकूम, शिस्त, नोंदी ठेवणं, वेळेवर हजर राहणं. पुढे प्रयोगशाळेत हीच शिस्त त्यांच्या कामाला आली.

1879 मध्ये त्यांची नेमणूक बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे रॉबर्ट कॉख आले. कॉख म्हणजे क्षयाचा जंतू शोधणारे. त्यांच्या हाताखाली दोन तरुण लष्करी डॉक्टर काम करू लागले, एक गाफ्की आणि दुसरे लोफ्लर. त्या छोट्याशा खोलीत काही वर्षांत एवढे शोध लागले की वैद्यकशास्त्राचा चेहराच बदलला. रोग हवेच्या दुर्गंधीने होतो की सूक्ष्म जंतूंनी, या जुन्या वादाचा निकाल तिथे लागत होता.

लोफ्लर यांनी 1882 मध्ये विल्हेल्म शुट्स या पशुवैद्याबरोबर ग्लँडर्सचा जंतू शोधला. हा घोड्यांचा जीवघेणा रोग, माणसालाही होतो, आणि घोड्यांवर चालणाऱ्या त्या काळच्या सैन्याला त्याची फार धास्ती असे. दोन वर्षांनी, 1884 मध्ये, त्यांनी घटसर्पाचा जंतू वेगळा करून दाखवला. इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे घटसर्प म्हटलं की शेतकऱ्याला म्हशीचा रोग आठवतो आणि डॉक्टरांना लहान मुलांचा. नाव एक, रोग दोन. लोफ्लर यांनी शोधला तो मुलांचा, म्हणजे डिप्थेरिया. त्या काळी युरोपात घरोघरी मुलं या रोगाने गुदमरून जात. एडविन क्लेब्स यांनी हा जंतू आधी पाहिला होता, पण तोच रोगाचं कारण आहे हे पटेल असं काम लोफ्लर यांनी केलं.

या कामात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, जंतू फक्त घशात सापडतो, पण बिघाड मात्र हृदयात आणि दूरच्या अवयवांत होतो. म्हणजे जंतू काहीतरी विष तयार करत असणार आणि ते शरीरभर पसरत असणार, असा त्यांनी अंदाज केला. पुढे पॅरिसमध्ये रू आणि येर्सिन यांनी तो खरा करून दाखवला. दुसरी गोष्ट, एका अगदी धडधाकट मुलाच्या घशातही हाच जंतू मिळाला. मूल आजारी नाही, पण रोग त्याच्याजवळ आहे. रोगी न होता रोग वाहून नेणारा माणूस असू शकतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. लोफ्लर यांनी ती प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. खरं म्हणजे आपल्या सिद्धांताला अडचणीची असलेली ही नोंद त्यांना लपवता आली असती.

1888 मध्ये ते बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या छोट्या विद्यापीठाच्या गावी आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. इथे त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आहे, जो बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो. मला तो थोडा थांबून सांगावासा वाटतो.

ग्राइफ्सवाल्डच्या प्रयोगशाळेतले उंदीर एका साथीने पटापट मरू लागले. लोफ्लर यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. मग त्यांच्या मनात आलं, शेतातले उंदीर मारायला हाच का वापरू नये? 1892 मध्ये ग्रीसमधल्या थेसली भागात उंदरांनी शेतं फस्त करायला सुरुवात केली होती. ग्रीक सरकारच्या बोलावण्यावरून लोफ्लर तिथे गेले. जिवाणूंच्या पाण्यात पावाचे तुकडे भिजवून ते शेतातल्या बिळांशी टाकण्यात आले. त्या वेळी या मोहिमेचं कौतुक झालं. निसर्गातल्या शत्रूवर निसर्गातलाच सैनिक सोडला, असं लोकांना वाटलं. पण आज आपल्याला माहीत आहे की तो जिवाणू साल्मोनेला कुळातला, माणसालाही अन्नातून विषबाधा करणारा. पुढे अशा जिवाणूंच्या आमिषांवर अनेक देशांना बंदी घालावी लागली.

त्यांना दोष द्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. तेव्हा एवढी माहिती कुणालाच नव्हती. पण 1892 चे लोफ्लर कसे विचार करत होते ते यातून कळतं. जंतू हे आपल्या हातातलं हत्यार, आपण सांगू तिथे जाईल आणि सांगू तेवढंच काम करेल, असा तो विश्वास होता. त्यांच्या पुढच्या वीस वर्षांत हा विश्वास हळूहळू मोडत गेला.

1897 साली प्रशियाच्या सरकारने त्यांच्यावर लाळ्या-खुरकूतचं काम सोपवलं. जर्मनीत तेव्हा या रोगाने शेतकरी हैराण झाले होते. रोग कसा असतो ते गुरं पाळणाऱ्यांना सांगायला नको. जनावराला ताप येतो, तोंडात, जिभेवर, खुरांच्या बेचक्यात, सडांवर फोड येतात. लाळेच्या तारा लोंबतात, चारा सुटतो, लंगडत चालतं, दूध आटतं. मोठी जनावरं बहुतेक वाचतात, पण लहान वासरं अचानक जातात, कारण रोग त्यांच्या हृदयावर येतो. आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात हा रोग ज्या वेगाने जातो, त्याला तोड नाही.

बर्लिनमध्ये लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी फोडांतला द्रव घेतला आणि त्यात जिवाणू शोधू लागले. काहीच मिळेना. मग त्यांनी तो द्रव जवळपास चाळीसपट पातळ करून अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. ही गाळणी विशिष्ट सच्छिद्र मातीची, मेणबत्तीच्या आकाराची असते आणि तिच्यातून कुठलाही माहीत असलेला जिवाणू पार होत नसे. गाळणी कुठे फुटलेली तर नाही ना, हे तपासायला त्यांनी द्रवात ओळखीचे जिवाणू मुद्दाम मिसळले होते. ते अडकले. म्हणजे गाळणी चोख. आता हा स्वच्छ द्रव वासरांना टोचला तर काही होऊ नये. कदाचित त्याने वासरांना रोगापासून संरक्षण मिळेल, अशीही एक आशा होती.

वासरं आजारी पडली. न गाळलेला द्रव टोचलेली जितक्या दिवसांत पडली, तितक्याच दिवसांत.

इथे दोनच शक्यता होत्या. एक तर त्या द्रवात भयंकर जहाल विष आहे, किंवा गाळणीतूनही निसटेल इतका सूक्ष्म सजीव आहे. लोफ्लर यांनी एका वासराच्या फोडातला द्रव गाळून दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असं पुढे नेलं. नुसतं विष असतं तर प्रत्येक वेळी पातळ होत होत संपून गेलं असतं. रोगाचा जोर कमीच होईना. म्हणजे ती वस्तू जनावराच्या अंगात वाढत होती. 1898 मध्ये त्यांनी हा निष्कर्ष मांडला आणि देवीसारखे, बुळकांडीसारखे रोगही अशाच सूक्ष्म कारणांनी होत असतील असं सुचवलं. प्राण्यांच्या विषाणूंच्या अभ्यासाची सुरुवात इथून झाली. तंबाखूच्या पानांवरच्या रोगात रशियात इव्हानोव्स्की आणि हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी त्याच दशकात असंच काही पाहिलं होतं. पण प्राण्याच्या रोगात हे दाखवणारे लोफ्लर आणि फ्रोश पहिले.

शोधाची गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथे संपते. माझी गोष्ट मात्र इथून सुरू होते. जी वस्तू त्या बारीक गाळणीतून पार झाली, ती प्रयोगशाळेच्या दारातून पार होणार नाही असं कुणी समजावं?

लोफ्लर ग्राइफ्सवाल्डला परतले आणि रोगावर लस किंवा औषधी रक्तद्रव मिळवण्याचं काम त्यांनी पुढे चालू ठेवलं. या विषाणूला तेव्हा परीक्षानळीत वाढवता येत नव्हतं. त्याला जिवंत ठेवायचं तर एकामागून एक जनावर आजारी पाडावं लागे. म्हणजे गावात सतत रोगी गुरं. त्यांना चारा घालणारी माणसं, शेण काढणारी माणसं, मूत वाहून जाणारी गटारं, ये-जा करणाऱ्या गाड्या. आणि भोवती शेतकऱ्यांचे गोठे. आजूबाजूच्या गुरांत लाळ्या-खुरकूत पुन्हा पुन्हा दिसू लागला. रोग घालवण्यासाठी उभी राहिलेली जागाच रोग पसरवू लागली. अखेर 1907 मध्ये सरकारने ग्राइफ्सवाल्डमधले हे प्रयोग थांबवायला लावले.

त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय पंचावन्न. जगभर नाव झालेलं. ज्या रोगाचं कारण स्वतः शोधलं, त्यावरचा उपाय अजून हाती यायचा आहे. आणि सरकार सांगतं, बंद करा. इथे कितीतरी जण चिडले असते, शेतकऱ्यांना अडाणी म्हणाले असते, विज्ञानाच्या वाटेत अडथळे आणता म्हणून वर्तमानपत्रांत लिहिलं असतं. काही जण कंटाळून दुसऱ्या विषयाकडे वळले असते, आणि लोफ्लर यांना विषयांची वाण नव्हती.

त्यांनी दोन्ही केलं नाही. शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे हे धरून चालून त्यांनी प्रश्न वेगळा मांडला: हे काम करायचंच असेल तर कुठे करावं? उत्तर ग्राइफ्सवाल्डच्या जवळच समुद्रात होतं. रीम्स नावाचं एक चिंचोळं बेट, लांबी साधारण सव्वा किलोमीटर. भोवती पाणी, म्हणजे आपोआप कुंपण. दुसऱ्या कुणाचा गोठा नाही. 10 ऑक्टोबर 1910 पासून त्यांचं काम तिथे सुरू झालं. विषाणूंच्या अभ्यासासाठी खास उभी राहिलेली जगातली ही पहिली संस्था मानतात.

आज्जीचं ओलं गोणपाट आणि लोफ्लर यांचं बेट, यांत मला तरी एकच विचार दिसतो. आपल्याला आणि रोगाला वेगळं ठेवणारी एक रेघ हवी आणि ती रेघ ओलांडताना माणसाने थांबायला हवं. बेटाने हे थांबणं सक्तीचं केलं. प्रत्येक जनावर, प्रत्येक माणूस, प्रत्येक पोतं पाणी ओलांडूनच येणार आणि जाणार. सहज म्हणून कुणी येऊ शकत नाही, विसरून कुणी बाहेर पडू शकत नाही.

लोफ्लर यांना तिथे फार वर्षं मिळाली नाहीत. 1913 मध्ये गाफ्की निवृत्त झाले आणि कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बर्लिनच्या संस्थेची सूत्रं लोफ्लर यांच्याकडे आली. पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. म्हातारा लष्करी डॉक्टर पुन्हा सैन्याच्या आरोग्याच्या कामाला लागला. 9 एप्रिल 1915 रोजी बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना पुरलं मात्र ग्राइफ्सवाल्डमध्ये, ज्या गावाने त्यांना प्रतिष्ठाही दिली आणि ज्या गावच्या भोवताली त्यांचे प्रयोग थांबले. लाळ्या-खुरकूतची लस त्यांना बघायला मिळाली नाही. नोबेलही मिळालं नाही.

पण बेट राहिलं. युद्धानंतर ऑटो वाल्डमान यांनी तिथलं काम पुन्हा उभं केलं आणि 1938 च्या सुमारास रीम्सवर लाळ्या-खुरकूतची वापरता येण्याजोगी लस तयार झाली. विषाणू मारून, त्याला अॅल्युमिनियमच्या क्षाराची जोड देऊन केलेली. आज आपल्याकडे दर सहा महिन्यांनी गाईम्हशींना जी लस टोचतात, ती याच घराण्यातली.

या बेटाची एक काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चरित्र खोटं होईल. दुसऱ्या महायुद्धात याच रीम्सवर हा रोग शत्रूच्या गुरांवर सोडता येईल का, याचा अभ्यास झाला. म्हणजे बाहेरच्या जगाला रोगापासून वाचवायला केलेली जागा रोग बाहेर सोडण्यासाठी वापरायचा विचार झाला. बेट भिंत देतं, पण भिंतीच्या आतल्या माणसाचं मन कसं असावं हे बेट ठरवत नाही. युद्ध संपल्यावर सोव्हिएत सैन्याने तिथली यंत्रसामग्री उचलून नेली आणि संस्था पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागली. 1952 पासून तिला लोफ्लर यांचं नाव आहे.

लोफ्लर यांची युक्ती दुसऱ्या देशांनीही उचलली. डेन्मार्कने 1926 मध्ये लिंडहोम बेटावर अशी संस्था काढली. अमेरिकेने 1954 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या प्लम बेटावर. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली, की नुसतं पाणी पुरत नाही. 1978 मध्ये प्लम बेटावर इमारतीबाहेर ठेवलेल्या निरोगी जनावरांत रोग गेला. समुद्र मध्ये होता म्हणून तो मुख्य भूमीवर पोचला नाही, पण प्रयोगशाळेतून तर निसटलाच. 1981 मध्ये तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरून हा विषाणू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटावर पोचला. हा प्रयोगशाळेतला नव्हता, शेतावरच्या साथीतला होता. पण समुद्र हे कुंपण वाऱ्यासाठी नाही, हे त्याने दाखवून दिलं.

म्हणून आता बेट इमारतीच्या आत आणलं गेलं आहे. अतिसुरक्षित प्रयोगशाळेत आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात. दार उघडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आतली बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून जाते. लोफ्लर यांच्या मातीच्या गाळणीतून विषाणू निसटला होता, या गाळण्या त्याला धरून ठेवण्यासाठी आहेत. सांडपाणी उकळून किंवा रसायनाने निर्जंतुक केल्याशिवाय सोडत नाहीत. मेलेली जनावरं आतच नष्ट करतात. आत जाणारा माणूस स्वतःचे सगळे कपडे बाहेर ठेवतो आणि बाहेर येताना डोक्यावरून अंघोळ करून येतो. लाळ्या-खुरकूतवर काम करणाऱ्याला पुढचे काही दिवस कुठल्याही गोठ्यात जायला मनाई असते, कारण हा विषाणू माणसाच्या नाकात एखादा दिवस राहू शकतो. माणूस आजारी पडत नाही, पण घेऊन जातो. डिप्थेरियाच्या त्या धडधाकट मुलाची नोंद आठवते का? तीच गोष्ट. आणि आज्जीचं उत्तरही तेच.

एवढं सगळं करूनही एक पाइप दगा देऊ शकतो. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या पर्ब्राइट इथे लाळ्या-खुरकूतवर काम होणाऱ्या आवारातली जुनी सांडपाण्याची नळी गळत होती. पावसाचं पाणी, तिथे चाललेलं खोदकाम आणि चिखल घेऊन जाणाऱ्या गाड्या, यांच्यातून विषाणू जवळच्या शेतांवर पोचला असावा असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आतल्या शास्त्रज्ञांची हुशारी कमी पडली नव्हती. नळीची डागडुजी राहिली होती. अशा जागेत प्लंबरचं कामही प्राध्यापकाच्या कामाइतकंच मोलाचं असतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

हे सगळं दूरच्या देशांतलं वाटेल, म्हणून आपल्याकडचंही थोडं सांगते. गुरांच्या रोगांवर काम करणारी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा भारतात 1889 मध्ये पुण्यात निघाली. पण इतके संसर्गजन्य जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं, म्हणून 1893 मध्ये ती पुण्याहून थेट कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. म्हणजे रीम्सच्या सतरा वर्षं आधी पुण्याच्या गुरांसाठी कुणीतरी हाच विचार केला होता. समुद्राऐवजी डोंगर निवडला, इतकंच. लोफ्लर यांचे गुरू कॉख 1897 मध्ये तिथे जाऊनही आले. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था याच प्रयोगशाळेतून वाढली. आणि 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा त्यांचे नमुने तपासून बर्ड फ्लू आहे असं सांगणारी जागा भोपाळची, पशुरोगांची अतिसुरक्षित प्रयोगशाळा होती. ती नसती तर नमुने परदेशी पाठवून उत्तराची वाट बघत बसावं लागलं असतं. नवापूरच्या कुक्कुटपालकांना तेव्हा एकेक दिवस किती जड गेला असेल!

म्हणूनच, असल्या प्रयोगशाळा नकोतच, असं म्हणून भागत नाही. रोग असा विचारून येत नाही, आणि ज्याची ओळख नाही त्याच्याशी लढता येत नाही. पण असल्या प्रयोगशाळा शेजाऱ्याला न विचारता, कशाही चालवल्या तरी चालतील, असंही नाही. या दोन टोकांमधली वाट लोफ्लर यांना पंचावन्नाव्या वर्षी सापडली. तिच्यासाठी त्यांना तीन वर्षं थांबावं लागलं.

1970 च्या दशकात रीम्सला जाणारा बांध झाला. आता तिथे गाडीने जाता येतं. 2013 मध्ये तिथे नवी इमारत सुरू झाली. सर्वांत धोकादायक गटातल्या विषाणूंवर गाईंसारख्या मोठ्या जनावरांसह काम करता येईल अशा जागा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यांतली ही एक. समुद्राची जागा आता दारांनी, दाबांनी आणि अंघोळींनी घेतली आहे.

गेल्या सुट्टीत मी आजोळी गेले होते. लोफ्लर यांची ही गोष्ट मी आज्जीला सांगितली. तिला रीम्स, बर्लिन वगैरे काही कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. ग्रीसमधल्या उंदरांच्या गोष्टीला मात्र ती नाक मुरडून हसली. मग मी कॉलेजातून आलेली, बसमधून उतरलेली, तशीच म्हशीकडे निघाले, तेव्हा तिने हाताने थांबवलं आणि नळाकडे बोट दाखवलं.

मी पाय धुतले आणि मग गोठ्यात गेले.